किशोर सुपरहिरोची कादंबरी लिहायची आहे? शक्तीच्या आधी घर लिहा

नवख्या लेखकाचा पहिला खर्डा बहुतेक वेळा असा असतो. पहिल्या प्रकरणात मुलाला शक्ती मिळते. दुसऱ्यात शाळेतला एक गोरा दांडगट त्याच्या रंगावरून काहीतरी बोलतो. तिसऱ्यात हा त्याला उचलून लॉकरवर आपटतो. वाचणाऱ्याला बरं वाटतं आणि कादंबरी तिथेच संपते, कारण पुढच्या दोनशे पानांत करायला काही उरत नाही. वर्णद्वेष म्हणजे एक वाईट माणूस आणि शक्ती म्हणजे त्याच्यावरचा उतारा, असं गणित मांडलं की उत्तर लगेच येतं.

अमेरिकेत घडणारी, कृष्णवर्णीय किशोर नायकाची, पन्नास-साठ हजार शब्दांची कादंबरी लिहायला बसलेल्यांसाठी हा लेख आहे. पहिलीच कादंबरी असली तरी हरकत नाही. माझं सांगणं मुळात एकच आहे. नायकाची शक्ती जिथे कुचकामी ठरते ती जागा आधी शोधा आणि कादंबरी तिथे उभी करा. ती जागा शोधायला सहसा घराबाहेर जावं लागत नाही.

उदाहरणादाखल एक काल्पनिक मुलगा सोबत घेऊ. नाव इलायजा, वय १५. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यावरच करून पाहू.

पायरी १: गाव आणि साल पक्कं करा

‘अमेरिकेतलं एक मोठं शहर’ एवढ्यावर भागत नाही. वर्णद्वेष प्रत्येक शहरात वेगळ्या वाटेने आला. शहर ठरलं की अर्धी कथावस्तू आपोआप हाती लागते.

इलायजाला मी ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडमध्ये ठेवतो, शहराच्या पूर्व भागातल्या ग्लेनव्हिल वस्तीत. साल २०१९. यामागे कारण आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे सुपरमॅनचे जन्मदाते ग्लेनव्हिलच्याच शाळेत शिकले. दोघंही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. त्यांचा सुपरमॅन १९३८मध्ये छापून आला. तेव्हा ग्लेनव्हिल प्रामुख्याने ज्यू वस्ती होती. पुढच्या वीसेक वर्षांत ज्यू कुटुंबं उपनगरांकडे सरकली, दक्षिणेकडून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं तिथे राहायला आली आणि वस्ती पालटली. म्हणजे सुपरहिरो या कल्पनेचा जन्म ज्या गल्लीबोळांत झाला, तिथे आज इलायजासारखी मुलं वाढतात. हे कादंबरीत ठळक अक्षरांत सांगायची गरज नाही. तुम्हाला माहीत असलं तरी पुरे, ते वाक्यांत कुठेतरी झिरपतं.

आता साल. १५ वर्षांच्या मुलाचे आजोबा २०१९मध्ये ऐंशीच्या घरात असू शकतात. इलायजाचे आजोबा १९५८मध्ये, विशीत, अलाबामातून क्लीव्हलँडच्या पोलाद कारखान्यात कामाला आले असं धरू. दक्षिणेतून उत्तरेकडे झालेलं हे स्थलांतर १९१०च्या सुमारास सुरू झालं आणि १९७०पर्यंत चाललं. सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं त्यात होती. आजोबांच्या हाती पगार आला आणि घर घ्यायची वेळ आली. इथे थोडं थांबू, कारण या पायरीचा खरा माल इथेच आहे.

१९३३मध्ये अमेरिकन सरकारने घरमालकांना कर्जातून सोडवण्यासाठी एक महामंडळ काढलं. त्याने तिसाच्या दशकाच्या उत्तरार्धात दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे बनवले. वस्त्यांना चार श्रेणी दिल्या: हिरवी, निळी, पिवळी आणि शेवटची लाल. लाल म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. वस्तीत कृष्णवर्णीय लोक असणं हेच अनेकदा लाल रंगाला पुरेसं कारण असायचं. सरकारी गृहकर्ज-हमीचे नियमही त्याच चष्म्यातून लिहिलेले होते. हमी नाही, म्हणून बँकेचं कर्ज नाही. घरविक्रीतला हा भेदभाव कायद्याने बंद झाला तो थेट १९६८मध्ये.

तोपर्यंत कर्ज न मिळणाऱ्यांसाठी एक आडवाट होती. विकणाऱ्यालाच दरमहा हप्ते भरायचे, किंमत बाजारापेक्षा चढी, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर नावावर होत नाही. एक हप्ता चुकला तर घरही गेलं आणि भरलेले पैसेही गेले. शिकागोत हा प्रकार इतका माजला होता की १९६८मध्ये अशा खरेदीदारांनी एकजूट करून लढा दिला.

इलायजाच्या आजोबांनी १९६४मध्ये असंच घर घेतलं असं ठरवलं, तर बघा काय काय हाती येतं. आजोबा हप्त्याची तारीख आयुष्यभर का विसरत नाहीत. घर विकायचं म्हटलं की त्यांचा आवाज का चढतो. त्यांनी तिप्पट मोल देऊन राखलेल्या घराची किंमत आज उपनगरातल्या तशाच घरापुढे काहीच का नाही. २००८च्या आसपास गृहकर्जं बुडाली तेव्हा क्लीव्हलँडच्या पूर्व भागात ओळीने घरं ओस पडली. तेव्हा शेजारची दोन घरं रिकामी झाली आणि अजून रिकामीच आहेत. वर्णद्वेष आणि घरची ओढाताण असे दोन वेगळे विषय आता राहिलेच नाहीत.

ते जुने नकाशे रिचमंड विद्यापीठाने ऑनलाइन खुले केले आहेत. तुम्ही निवडलेल्या शहराचा नकाशा उघडा, नायकाचं घर त्यावर नेमकं कुठे येतं ते बघा आणि त्या तुकड्याखाली सरकारी मूल्यमापकाने काय शेरा लिहिलाय तो वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यातून जे मिळतं ते चार कादंबऱ्या वाचून मिळत नाही.

पायरी २: शक्तीचं नाव न काढता घराची दहा पानं लिहा

ही पानं कादंबरीत जाणार नाहीत. तरी लिहा.

घरात कोण कोण आहे, कोण किती वाजता कामाला जातं, कोणती बिलं थकली आहेत, कोण कोणाशी किती दिवस अबोला धरतं. इलायजाची आई रुग्णालयात रात्रपाळी करते. वडील शहराची बस चालवतात. आजोबांना आता जिना चढवत नाही. घर विकून उपनगरात भाड्याने राहू, मुलाला बरी शाळा मिळेल, असं आईचं म्हणणं. वडील म्हणतात, आजोबा आहेत तोवर हे घर विकायचं नाही. दोघांचंही बरोबर आहे. दोघांचंही बरोबर असलेलं भांडणच कादंबरीभर टिकतं.

नवखे लेखक दोन ठिकाणी हमखास घसरतात. पहिलं म्हणजे घरात वडीलच नाहीत किंवा ते तुरुंगात आहेत. कृष्णवर्णीय घर म्हटलं की हे चित्र इतक्या वेळा रंगवलंय की ते लिहिणाऱ्याच्या बोटांतून आपोआप उतरतं. असे वडील लिहूच नयेत असं नाही. तुमच्या कथेला ते हवे आहेत की सवयीने आलेत, एवढं मात्र स्वतःला विचारा. दुसरी घसरण म्हणजे घरातल्या प्रत्येक दुःखाचं मूळ वर्णद्वेषात दाखवणं. आईला तिच्या बहिणीचा हेवा वाटतो, वडील हट्टी आहेत, आजोबा पत्त्यांत लबाडी करतात. या त्यांच्या स्वतःच्या गोष्टी आहेत. त्या काढून घेतल्या तर माणसं जाऊन नमुने उरतात.

आणि घर हसतं ठेवा. कितीही तंगी असली तरी त्या घरात कोणीतरी कोणाची तरी नक्कल करत असतंच.

पायरी ३: शक्ती निवडा, आणि ती कुठे थिटी पडते ते आधी ठरवा

उडणं, ताकद, वेग या शक्ती वाईट नाहीत, पण या विषयात त्या लेखकाला आळशी करतात. प्रश्न आला की मारामारी करता येते. त्यामुळे शक्ती निवडताना मी तीन गोष्टी तपासतो. तिने साध्या गुन्ह्याशी लढता यावं, नाहीतर सुपरहिरोची गंमतच जाईल. ती वापरली की घरात काहीतरी बिघडावं. आणि वर्णद्वेषाच्या निदान एका प्रसंगात ती पूर्ण चालूनही हाती काही लागू नये.

इलायजाची शक्ती अशी: भिंतीला तळवा टेकवला की त्या खोलीत गेल्या चोवीस तासांत बोललेलं त्याला ऐकू येतं. चोर पकडायला झकास. घरात मात्र पंचाईत, कारण रात्री आईवडील स्वयंपाकघरात काय बोलले हे त्याला सकाळी पाणी पिताना कळतं. आता तिसरी कसोटी. शाळेत दोन मुलांची मारामारी झाली, एक गोरा आणि एक इलायजा. शिक्षा फक्त इलायजाला झाली. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरतो:

> पाण्याच्या नळाशी तो उगाच रेंगाळला. सगळे खाली गेल्यावर आत शिरला, खिडकीखालच्या भिंतीवर तळवा टेकवला आणि डोळे मिटले. आता तो शब्द येईल. आला की डॅडना सांगायचं, कोण बोललं, किती वाजता बोललं.
>
> आधी प्रिंटरची घरघर आली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.
>
> ‘तीन दिवस की पाच?’
>
> ‘दुसऱ्या मुलाचं काय ठरलं?’
>
> ‘त्याचे वडील सकाळी येऊन बोलून गेले. मिटलं ते.’
>
> ‘आणि याचे?’
>
> ‘फोन केला होता. उचलला नाही.’
>
> ‘मग पाच लिहा. तक्त्यात पाचच आहेत.’
>
> कोणीतरी हसलं, पण ते कॉफी सांडली म्हणून. त्याने तळवा आणखी जोरात दाबला. भिंतीत एवढंच होतं.

त्याला शिवी हवी होती. शिवी सापडली असती तर पुरावा मिळाला असता, निदान राग धरायला माणूस मिळाला असता. सापडला एक तक्ता आणि न उचललेला फोन. डॅडनी फोन का उचलला नाही, हे वाचकाला माहीत आहे. ते बस चालवत होते आणि चालू बसमध्ये फोन घेतला तर नोकरी जाते. गोऱ्या मुलाचे वडील सकाळी दहा वाजता शाळेत येऊ शकले, याचे वडील येऊ शकले नाहीत. इतक्या लहान प्रसंगात शाळा, पैसा, रंग आणि बाप एकत्र आले आणि शक्ती व्यवस्थित चालूनही पोराच्या हाती काही आलं नाही.

असा एक प्रसंग तुमच्या शक्तीसाठी सापडेपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नका. सापडत नसेल तर बहुधा शक्तीच बदलावी लागेल.

पायरी ४: वर्णद्वेष तीन थरांत मांडा

पहिला थर तोंडावरचा: शिवी, टोमणा, दुकानात मागे मागे फिरणारा रखवालदार. तो सगळ्यांना लिहिता येतो. त्यामुळे कमी लिहा. पूर्ण कादंबरीत दोन-तीन प्रसंग पुरतात.

दुसरा थर नियमांचा. इथे अभ्यास लागतो. शाळेचंच घ्या. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०१३-१४च्या आकडेवारीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना काही दिवस शाळेबाहेर ठेवण्याची शिक्षा गोऱ्यांच्या ३.८ पट प्रमाणात झालेली दिसते. केसांचंही तसंच. कृष्णवर्णीय मुलांच्या नैसर्गिक केशरचना, वेण्या, जटा यांना शाळा आणि कचेऱ्या ‘नीटनेटकेपणा’च्या नियमात अडकवत आल्या. अशा भेदभावाला बंदी घालणारा कायदा करणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, तेही २०१९ साली. इलायजाची गोष्ट त्याच वर्षीची आहे आणि ओहायो म्हणजे कॅलिफोर्निया नव्हे. चुलतबहिणीच्या वेण्यांवरून एक उपकथा इथे सहज बसते. आकडे मात्र संवादात घालू नका. पंधरा वर्षांचं पोर जेवताना टक्केवारी सांगत नाही. आकडा तुम्ही माहीत ठेवायचा आणि शिक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर कोण कोण बसलंय ते दाखवायचं.

तिसरा थर घरातला, आणि सगळ्यात कठीण. कृष्णवर्णीय घरांत मूल थोडं मोठं झालं की आईवडील त्याला समोर बसवून काही गोष्टी सांगतात. पोलिसाने हटकलं तर हात दिसतील असे ठेव. खिशात हात घालू नकोस. उलट बोलू नकोस. पळू तर अजिबात नकोस. हे प्रेम आहे आणि भीतीही आहे. मुलाला मात्र ते अपमानासारखं वाटतं, कारण चूक न करता वागणूक त्यालाच बदलायची आहे. आता हेच मूल रात्री तोंड झाकून गच्चीवरून पळणार आहे. आईने सांगितलेला प्रत्येक नियम सुपरहिरो होताना मोडावा लागतो. पोशाखाचं प्रकरण लिहिताना हे डोळ्यांसमोर ठेवा.

गोऱ्या नायकाच्या गोष्टीत मुखवटा म्हणजे मजा. २०१४च्या नोव्हेंबरात क्लीव्हलँडमध्येच टॅमिर राइस हा १२ वर्षांचा मुलगा बागेत खेळण्यातली बंदूक घेऊन खेळत होता. पोलिसांची गाडी आली आणि थांबताच काही क्षणांत त्याला गोळी घातली. दुसऱ्या दिवशी तो गेला. २०१९मध्ये पंधरा वर्षांचा असलेला इलायजा तेव्हा दहा वर्षांचा असणार. त्या शहरातल्या आईला मुलाच्या दप्तरात काळा मुखवटा सापडला तर ती काय करेल? माझ्या मते कादंबरीतलं सगळ्यात मोठं प्रकरण हेच. खलनायकाशी शेवटची झटापट याच्यापुढे फिकी. आईला ओरडायला लावू नका. तिला तो मुखवटा आधी धुवायला टाकू दे, काय आहे ते कळायच्या आधी.

खऱ्या मृत्यूचा उल्लेख मात्र जपून. वातावरण तयार करायला म्हणून वापरला तर ओंगळ दिसतो. इलायजाच्या घरात ते नाव एकदाच निघेल, तेही अर्धवट वाक्यात, आणि सगळ्यांना कळेल.

पायरी ५: खलनायक आणि वर्णद्वेष वेगळे ठेवा

१९४६मध्ये सुपरमॅनच्या रेडिओ मालिकेत तो एका वंशद्वेष्ट्या टोळीशी लढला. ती टोळी कू क्लक्स क्लान या टोपडी घालणाऱ्या खऱ्या वंशद्वेष्ट्या संघटनेवरून बेतली आहे हे तेव्हाच्या श्रोत्यांना सांगावं लागलं नाही. त्या काळात ते धाडसच होतं. आज डोक्यावर टोपडं घातलेला वंशद्वेष्टा खलनायक केला तर वाचक सुटकेचा श्वास टाकतो: हा मी नाही, माझ्या ओळखीतलंही कोणी नाही.

मारामारी करायला खलनायक हवाच, किशोर वाचक तेवढा हक्क सांगणारच. त्याला हरवता येईल असा ठेवा. इलायजाच्या गोष्टीत ओस घरांतली तांब्याची नळी आणि तारा चोरणारी टोळी आहे. चोरीच्या नादात ती एका घराला आग लावते. टोळी पकडली जाते. पण ती घरं ओस का पडली, हे पकडता येत नाही. टोळीतला एक पोरगा त्याच्याच गल्लीतला निघाला तर अजून बरं.

शेवटी काय जिंकायचं? काहीतरी लहान, पण हातात धरता येईल असं. पाच दिवसांची शिक्षा फाइलमधून खोडली गेली. ती शक्तीने खोडली गेली नाही. डॅड एक दिवसाचा पगार बुडवून शाळेत जाऊन बसले, सोबत वस्तीतल्या आणखी सहा मुलांचे पालक होते आणि प्रत्येकाच्या हातात आपापल्या मुलाच्या शिक्षेचा कागद होता. त्या पालकांना एकमेकांची नावं कशी कळली? तिथे मात्र भिंती कामी आल्या.

पायरी ६: या प्रकारात आधी काय झालंय ते थोडक्यात माहीत ठेवा

फार खोलात जायला नको, पण काही टप्पे ठाऊक हवेत. १९४७मध्ये ऑरिन इव्हान्स या कृष्णवर्णीय पत्रकाराने कृष्णवर्णीय चित्रकारांना घेऊन एक कॉमिक काढलं. त्याचा पहिला अंक निघाला, दुसरा निघू शकला नाही. १९६६मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ब्लॅक पँथर आणला. तो मात्र दूरच्या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा होता. १९७२मध्ये हार्लेममध्ये वाढलेला ल्यूक केज न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर उतरला. १९९३मध्ये कृष्णवर्णीय निर्मात्यांनी स्वतःची माइलस्टोन ही संस्था काढली. तिच्यातून विजेची शक्ती असलेला स्टॅटिक हा शाळकरी नायक आला. २०११मध्ये कृष्णवर्णीय बाप आणि पोर्तोरिकन आईचा मुलगा माइल्स मोरालेस स्पायडरमॅन झाला. २०१३मध्ये न्यू जर्सीतली पाकिस्तानी वंशाची कमाला खान दिसली. रांग लावून बघितलं तर नायक हळूहळू राजवाड्यातून मोहल्ल्यात आणि मग शाळेत आला. तुमची कादंबरी त्याला आणखी एक पाऊल आत, स्वयंपाकघरात नेते आहे.

एक किस्सा थोडा सविस्तर सांगतो, कारण त्यात लिहिण्याचं तंत्र आहे. १९५३च्या एका विज्ञानकथा-कॉमिकमध्ये पृथ्वीचा दूत यंत्रमानवांच्या ग्रहावर पाहणीला जातो. तिथे नारंगी यंत्रमानव निळ्यांना खालचे मानतात, त्यांना वेगळ्या वस्तीत ठेवतात. आत दोघांचे सुटे भाग सारखेच. दूत ग्रहाला नापास करून परत निघतो आणि शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो. तो कृष्णवर्णीय आहे, त्वचेवर घाम चमकतोय. १९५६मध्ये ही कथा पुन्हा छापायची ठरली तेव्हा कॉमिक्सच्या नियंत्रण मंडळाने अट घातली की माणूस कृष्णवर्णीय नको. प्रकाशक बिल गेन्स अडून बसला आणि कथा आहे तशीच छापली. वंशद्वेषावर पानंच्या पानं बोलणं चाललं, एका चेहऱ्याला मात्र हरकत आली. आजच्या वाचकासाठी शेवटच्या चौकटीतली ती युक्ती शिळी आहे, त्यामुळे इलायजाचा रंग पहिल्या पानावरच येऊ द्या. घाम मात्र उचला. सगळ्या रूपकावर मात करतो तो तपशील.

यंत्रमानव, परग्रहवासी, उत्परिवर्ती (जन्मतःच वेगळी शक्ती असलेली माणसं) यांना वंशद्वेषाचं रूपक करण्याची परंपरा मोठी आहे. पण रूपकातला द्वेष बऱ्याचदा रास्त ठरतो, हे विसरू नका. डोळ्यांतून किरण सोडणाऱ्या माणसाला घाबरणं काही अगदीच गैर नाही. इलायजाला लोक घाबरतात ते तळव्यातल्या शक्तीमुळे नाही, ती त्यांना ठाऊकच नाही.

पायरी ७: मराठीत कसं बोलवायचं

कृष्णवर्णीय अमेरिकन बोलीला मराठीतली एखादी ग्रामीण बोली चिकटवू नका. ‘वेगळं’ दाखवण्याच्या नादात आपण आजोबांना अडाणी करून ठेवतो आणि अलाबामाऐवजी भलतंच गाव कानात वाजायला लागतं. साधं बोलू द्या. फरक लयीत दाखवा: आजोबा लांब, वळणं घेत बोलतात, वडील तुटक, इलायजा अर्ध्यावर सोडून देतो.

शिवीचं म्हणाल तर तो शब्द छापण्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवलेला बरा. तो शब्द मराठीत आणला तर दरवेळी काहीतरी हलकं किंवा भलतंच होतं.

एक हत्यार मात्र मराठीने आपल्याला आयतं दिलंय. रस्त्यात गाडी थांबवणारा पोलीस गोऱ्या चालकाला ‘तुमचा परवाना दाखवा’ म्हणतो आणि इलायजाच्या पंचावन्न वर्षांच्या वडिलांना ‘परवाना दाखव’. मागच्या सीटवर मुलगा बसलाय. त्याबद्दल पुढे एक वाक्यही लिहू नका.

पायरी ८: जे आपण जगलो नाही ते कुठून आणायचं

आकडेवारी सोपी आहे, आवाज मिळवणं कठीण. स्टोरीकॉर्प्स ही संस्था २००३पासून सामान्य अमेरिकन माणसांच्या एकमेकांशी झालेल्या गप्पा ध्वनिमुद्रित करते आहे. आजी-नातू, बाप-लेक, नवरा-बायको. त्यातल्या बऱ्याच मोफत ऐकता येतात. लिहिण्यापूर्वी भरपूर ऐका. काय बोलतात यापेक्षा कुठे थांबतात ते टिपा. अमेरिकेतल्या शाळा मंडळांच्या अनेक बैठकांची चित्रफीत उपलब्ध असते. पालक तीन मिनिटांत तक्रार मांडताना कसे अडखळतात, घंटा वाजल्यावर वाक्य कसं गिळतात, हे तिथे दिसतं. इलायजाच्या वडिलांचं भाषण तिथूनच येईल, आणि ते भाषण असणार नाही.

खर्डा झाल्यावर तो जगणं जवळून माहीत असलेल्या माणसाला वाचायला द्या, शक्य असेल तर मानधन देऊन. प्रमाणपत्र मागू नका. ‘कुठे खोटं वाटलं?’ एवढंच विचारा आणि उत्तर येईल तेव्हा वाद घालू नका.

पायरी ९: खर्डा तपासताना

शक्तीचे सगळे प्रसंग काढून टाका आणि उरलेलं वाचा. घराची गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहते का? मग उलट करा, घर काढा. आता मात्र गोष्ट कोसळायला हवी. कोसळत नसेल तर घर अजून सजावटीपुरतंच आहे आणि पायरी २ची दहा पानं पुन्हा उघडायला हवीत.

वर्णद्वेष समजावून सांगणारी सगळी भाषणं शोधा. बहुतेक वेळा ती एखाद्या समंजस शिक्षिकेच्या किंवा आजीच्या तोंडी असतात. त्यातलं फार तर एक ठेवा, तेही कोणीतरी मध्येच तोडलेलं. नायकाला वाचवणारं सज्जन गोरं पात्र असेल तर ते प्रत्यक्षात काय गमावतं ते पाहा. काहीच गमावत नसेल तर त्याची पानं अर्धी करा.

आणि मग एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाला वाचायला द्या. आवडली का म्हणून विचारू नका, तो हो म्हणेल. तो कुठे थांबला, कुठे पानं उडवली आणि आईचा मुखवटा धुण्याचा प्रसंग त्याला आठवतो का, तेवढं विचारा.